बाबा, माझ्या कॉलेजचं नाव सांगत जा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होतच नाही, आई मध्येच जेवलीस का विचारते आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

मे महिन्यात सांगलीला दादाच्या लग्नात कुणीतरी तुम्हाला विचारलं, पोरगी अमेरिकेत कुठल्या कॉलेजला? तुम्ही नुसतं "आयोवाला" म्हणालात आणि पाहुण्यांना पंगतीला बसवायला उठलात. मी मागेच उभी होते. राग नाही आला बाबा, पण लागलं, आणि तेव्हापासून हे मनात आहे.

ग्रिनेल हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं, मान्य. पुण्याच्या त्या कन्सल्टन्सीवाल्यांनीही लॅपटॉपवर शोधलं आणि म्हणाले रँकिंगमध्येच नाही, पण ते बघत होते ती यादी मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिट्यांची, अशा छोट्या कॉलेजांची यादी वेगळीच असते आणि त्यात आमचं कॉलेज चांगलं वरती आहे. कॉलेज 1846 सालचं, मुलं साधारण 1,700, गावची वस्ती दहा हजाराच्या आत, बाहेर पडलं की सगळीकडे मका आणि सोयाबीन, आणि रेल्वेचा रूळ कॅम्पसच्या मधूनच जातो, मालगाडी आली की थांबायचं. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपण एवढ्या लांब आलो ते एका तालुक्याच्या गावाला?

आता विचारलं कुणी तर रॉबर्ट नॉइसचं सांगा. इंटेल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, चिपचा शोध ज्या दोघांच्या नावावर आहे त्यातला एक, तो इथलाच, 1949 चा पदवीधर. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला मूळ भाग, 1947 च्या शेवटी बेल लॅब्स नावाच्या संशोधन प्रयोगशाळेत बनला आणि थोड्याच दिवसांत या एवढ्याशा गावात ग्रँट गेल नावाचे फिजिक्सचे सर तो वर्गात शिकवत होते, कारण बनवणाऱ्यांपैकी बार्डीन यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती. मग नॉइस पीएचडीला एमआयटीत गेला. म्हणजे आधी छोटं कॉलेज आणि मग मोठी युनिव्हर्सिटी, हा रस्ता मी काही नवीन शोधलेला नाही.

पण माझ्यासाठी खरं कारण वेगळंय. इथे मास्टर्स-पीएचडीची मुलंच नाहीत, त्यामुळे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सर स्वतः उभे असतात. दुसऱ्या वर्षी मी पहिला कॉलम लावला, म्हणजे काचेच्या लांब नळीत सिलिका भरून वरून सॉल्व्हंट सोडायचं आणि मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचे. मी बाटली आणायला गेले तेवढ्यात वरचं सॉल्व्हंट संपलं, सिलिका कोरडी पडली आणि तिला मधोमध तडा गेला, तीन दिवसांचं काम गेलं. मी रडायच्या बेतात होते. सर स्टूल ओढून शेजारी बसले, काही बोलले नाहीत, मी दुसरी नळी भरेपर्यंत बसून राहिले आणि फक्त एकदा बोटाने दाखवलं, लेव्हल इथून खाली जाऊ द्यायची नाही. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मोठ्या ठिकाणी बहुतेक एखाद्या पीएचडीवाल्या मुलाने शिकवलं असतं, आणि सरांना माझं नावही माहीत नसतं.

बाहेरच्या उन्हाळी रिसर्चचे एनएसएफचे, म्हणजे इथल्या सरकारच्या विज्ञान संस्थेचे, प्रोग्राम असतात ना, ते इथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, आपल्याला नाहीत. म्हणून दोन्ही उन्हाळे मी कॉलेजच्याच प्रोजेक्टवर काम केलं, त्याचे पैसेही मिळाले. आता पीएचडीच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात आणि माझी तिन्ही अशा माणसांची आहेत ज्यांनी माझा हात चालताना बघितलाय. उणीव नाही असं नाही, वरच्या लेव्हलचे कोर्स इथे कमी आहेत, क्वांटमचा बराच भाग मला स्वतः पुस्तकातून करावा लागला आणि तिथे गेल्यावर पहिलं वर्ष जड जाईल, त्याची तयारी ठेवलीय.

बाबा, तुमचा प्रश्न होता एमएस न करता डायरेक्ट पीएचडी कशी. इथे केमिस्ट्रीत तसंच असतं, चार वर्षांच्या डिग्रीनंतर थेट, पाच-सहा वर्षं लागतात. फी माफ असते आणि ज्युनिअर मुलांना शिकवायचे किंवा रिसर्चचे महिन्याला पैसे मिळतात, त्यामुळे कर्ज नाही, आणि तुमच्या पीएफला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलंय. सात ठिकाणी भरतेय, दोन ठिकाणी अर्जाची फी माफ झाली.

अर्जासोबतच्या निबंधाचा पहिला ड्राफ्ट सरांनी जवळजवळ सगळाच खोडला, म्हणाले यात तू कुठेच दिसत नाहीस. मग मी त्या कोरड्या पडलेल्या कॉलमवरून सुरुवात केली. आता बरा झालाय.

आई, गुडघ्याचं औषध संपत आलं असेल तर आत्ताच मागव, दिवाळीसारखं शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. इथली घड्याळं एक तास मागे गेलीत, आता आपल्यात साडेअकरा तासांचं अंतर. 30 नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पहिला अर्ज सबमिट करणार, तुमच्याकडे 1 तारखेचे सकाळचे साडेसात, आईची पूजा चालू असेल. बटण दाबायच्या आधी फोन करते, दोघंही जवळ बसा.

तुमची,
छोटी