मित्रास पत्र: तुझी इंजिनं, वहिनींच्या काचा आणि यॉर्कचे चार दिवस

लीड्स,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल वाचला, आणि त्याखाली वहिनींनी जोडलेल्या चार ओळीही वाचल्या. लेकीनं तुम्हा दोघांना चार दिवसांची सहल भेट दिली आहे आणि लंडनमधल्या हॅरोच्या घरात सहलीच्या जागेवरून एकमत होत नाहीये, एवढं कळलं. तुला स्विंडन नाहीतर क्रू हवंय, रेल्वे कारखान्यांची गावं. उभी हयात परळच्या रेल्वे वर्कशॉपात काढलेला माणूस इंग्लंडला येऊन इंजिनं न बघता परत गेला, हे मलाही पटणार नाही. वहिनींना रंगांची पेटी उघडून निवांत बसता येईल अशी जागा हवी आहे, जुनी चर्चेस हवी आहेत, त्यातल्या रंगीत काचा हव्या आहेत आणि जमलं तर समुद्र. लेकीनं यावर तोडगा म्हणून कॉट्सवोल्ड्स सुचवलंय.

कॉट्सवोल्ड्सला जाऊ नका. जागा देखणी आहे, मधाच्या रंगाच्या दगडांची घरं आहेत, सगळं खरं. पण गाडी हाताशी नसेल तर तिथल्या बसच्या वेळा सांभाळण्यात निम्मा दिवस जातो. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे तिथे तुझं काही नाही आणि वहिनींचंही फारसं काही नाही. दोघांनी आपापली आवड निम्मी-निम्मी सोडून तिसऱ्याच ठिकाणी जायचं म्हणजे कोणाचाच जीव रमत नाही. बरं, ‘सकाळी तुझं म्युझियम, दुपारी तिचं चर्च’ असं एकमेकांना ओढत हिंडणं तर त्याहून वाईट. तू इंजिनाच्या खाली वाकून बघत असताना शेजारी कोणीतरी घड्याळ बघत उभं असलं, की तुझंही लक्ष लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दोघांच्याही आवडीचं अव्वल काम जिथे एकाच गावात, पायी जाण्याच्या अंतरावर आहे, असं गाव निवडा. सकाळी वेगवेगळे हिंडा, दुपारनंतर एकत्र या, आणि एक पूर्ण दिवस असा ठेवा की एकाच बाकावर बसून दोघांना आपापलं मिळेल.

आम्ही दोघं इथे हेच करतो. लीड्सहून हॅरोगेटला जाणाऱ्या गाडीत आम्ही एकत्र बसतो. मी हेडिंग्लेला उतरतो, यॉर्कशायरचा काउंटी सामना बघायला. ही तशीच पुढे हॅरोगेटला जाते, हार्लो कारच्या बागेत. जूनमध्ये तिथे ओढ्याच्या काठानं प्रिम्युला फुलतात, एकाच देठावर मजल्यांसारखी फुलांची वर्तुळं. मी ती बाग फारशी पाहिलेली नाही, पण संध्याकाळी ही सांगायला लागली की चहा गार होतो. आणि मी सांगितलेला शेवटच्या तासाचा स्पेल हीसुद्धा मन लावून ऐकते. सोबत गेली असती तर दहाव्या षटकालाच जांभया दिल्या असत्या.

तुम्हाला हे सुरुवातीला जड जाईल, मला माहीत आहे. नवराबायको परदेशात फिरायला जायचं आणि सकाळीच दोन दिशांना जायचं, हे आपल्या लोकांना चमत्कारिक वाटतं. ‘ती एकटी कशी जाईल’ असं तू मेलमध्ये लिहिलंच आहेस. ज्या बाईनं इतकी वर्षं दादरला लोकल पकडून चित्रकलेचे तास घेतले, तिला यॉर्कमध्ये पंधरा मिनिटं चालत जाणं अवघड नाही. त्यांना विचारून बघ, त्या तुझ्याआधी तयार होतील.

हो, यॉर्क. माझ्या मनात दुसरं नावच नाही.

किंग्ज क्रॉसहून गाडी साधारण दोन तासांत पोचवते, आणि तुझी सहल त्या गाडीतच सुरू होते. पीटरबरो गेलं की सावध बस. तिथून ग्रँथमपर्यंतच्या टप्प्यात स्टोक बँकचा उतार लागतो. ३ जुलै १९३८ रोजी ‘मॅलर्ड’ याच उतारावरून लंडनच्या दिशेनं ताशी १२६ मैलांनी, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरनं धावली. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजवर मोडलेला नाही. त्या धावेत मधल्या सिलिंडरचं बिग एंड, म्हणजे दांड्याच्या टोकाचं बेअरिंग, इतकं तापलं की इंजिन पीटरबरोलाच सोडून द्यावं लागलं. तू उलट दिशेनं, तो उतार चढत जाशील आणि दोन तासांनी खुद्द मॅलर्डपुढे उभा राहशील. निळी, नाकाडाला वळण दिलेली, नायजेल ग्रेस्लीच्या डोक्यातून उतरलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता चाकांकडे बघत होतो.

यॉर्कला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. १८७७ सालचं ते स्टेशन वळणावर बांधलेलं आहे, त्यामुळे लोखंडी कमानींचं छप्पर रुळांबरोबर वळत जातं. वहिनींना पादचारी पुलावर उभं करून ते छप्पर दाखव. पहिलं रेखाटन तिथेच होईल.

नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे, प्रवेश मोफत. मॅलर्ड आहे, जपानची बुलेट ट्रेन आहे, पण तू सगळ्यात जास्त वेळ कुठे काढशील ते मला आत्ताच माहीत आहे. ‘एलरमन लाइन्स’ नावाचं एक इंजिन तिथे उभं कापून ठेवलंय. फायरबॉक्स, बॉयलरच्या नळ्या, सिलिंडर, पिस्टन, सगळं उघड्यावर. वर्कशॉपात तुम्ही जे एकेक भाग सुटे करून पाहिलेत ते इथे जागच्या जागी, एकमेकांना जोडलेले दिसतात. आणि चिनी रेल्वेचं एक अवाढव्य इंजिन आहे, १९३५ मधलं, त्याच्यापाशी थांबच. ते व्हल्कन फाउंड्रीचं आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ज्या इंजिनांनी ओढली, तीही त्याच कारखान्यातून आलेली. शेजारी कोणी उभं असलं तर सांग त्यांना.

आता वहिनींची सकाळ. हा भाग त्यांना वाचून दाखव.

वहिनी, यॉर्क मिन्स्टरला, म्हणजे गावातल्या मोठ्या कॅथेड्रलला, सकाळीच जा, दरवाजे उघडतात तेव्हा. कारण तिथली सगळ्यात मोठी खिडकी पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन थेट तिच्यातून आत येतं. दुपारी गेलात तर तीच खिडकी मंद दिसते. आकारानं ती जवळपास टेनिसच्या कोर्टाएवढी आहे. कव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटननं १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती पूर्ण केली, मोबदला ५६ पौंड. सगळ्यात वर हातात ग्रंथ घेतलेला देव आहे, ‘मी आदी आणि मीच अंत’ असं त्या पानावर लिहिलंय. वरच्या ओळींत सृष्टीची निर्मिती, आणि खाली उतरत जावं तसा जगाचा शेवट: सात तोंडांचे राक्षस, कोसळणारी शहरं, कर्णे फुंकणारे देवदूत. हे सगळं फार उंचावर आहे, म्हणून दुर्बीण नक्की न्या. चेहऱ्यांवरच्या रेषा, केसांच्या बटा, ब्रशच्या एका फटकाऱ्यानं काढलेली भुवई, हे दुर्बिणीतून दिसलं की तुम्ही तिथून लवकर हलणार नाही.

मग उत्तरेकडच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडक्यांपाशी या. त्या तेराव्या शतकातल्या, पाच उंच सडपातळ पट्ट्या, जवळजवळ रंगहीन, करड्या-हिरवट काचांच्या नक्षीनं भरलेल्या. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून त्या अर्पण केलेल्या आहेत. पूर्वेच्या खिडकीतली गर्दी पाहून आल्यावर इथे डोळा निवतो. मला विचाराल तर मिन्स्टरमध्ये मला हीच जास्त आवडते.

नदीजवळ नॉर्थ स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स हे छोटं चर्चही चुकवू नका. तिथे काचा अगदी डोळ्यांसमोर आहेत. एका खिडकीत जगाच्या शेवटच्या पंधरा दिवसांची चित्रं आहेत. दुसरीत दाढीवाला एक गृहस्थ भुकेल्याला जेवू घालतोय, तहानलेल्याला पाणी देतोय, कैद्यांना भेटतोय. ख्रिस्ती परंपरेतली सात पुण्यकर्मं, त्यातली सहा इथे आहेत. चित्र काढायला याहून शांत जागा गावात सापडणार नाही.

मिन्स्टरला तिकीट आहे, आणि रविवारी सकाळी प्रार्थना असल्यानं बघायला येणाऱ्यांना दुपारीच आत सोडतात. पण बहुतेक संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ईव्हनसाँग, म्हणजे गायनासह सायंप्रार्थना, असतं, त्याला पैसे पडत नाहीत. कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. तिथे दोघं मिळून जा. तुलाही आवडेल, मित्रा. मुलामुलींचे आवाज त्या उंच छताला लागून परत येतात ना, ते ऐकायला मी लीड्सहून मुद्दाम जातो.

त्याआधी दुपारी बूथम बारपासून मंक बारपर्यंत तटावरून चाला (इथे बार म्हणजे तटातली जुनी वेस). गावाभोवतीचा तट सव्वातीन किलोमीटरच्या वर आहे, पण हा तुकडा सगळ्यात चांगला, मिन्स्टर सतत उजव्या हाताला. अंधार पडायच्या आत तटाचे दरवाजे बंद करतात, तेवढं लक्षात ठेवा. चहाला बेटीजमध्ये लोक रांग लावतात. १९३० च्या दशकापासूनचं दुकान आहे, एकदा बसण्यासारखं आहे, पण शनिवारी नको.

तिसरा दिवस एकत्र. ८४० नंबरची बस यॉर्कहून पिकरिंगवरून, उघड्या माळरानांतून व्हिटबीला जाते. तिथे वहिनींचा समुद्र आहे, १९९ पायऱ्या चढून वरती पडका मठ आहे, कॅप्टन कुक ज्या बंदरात दर्यावर्दी झाला ते बंदर आहे. परत येताना मात्र बस घेऊ नका. व्हिटबीहून पिकरिंगपर्यंत वाफेची गाडी आहे, नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेची. जॉर्ज स्टीफन्सननं आखलेला हा मार्ग १८३६ साली सुरू झाला तेव्हा डबे घोडे ओढायचे. १९६५ मध्ये बंद पडला आणि स्थानिक हौशी मंडळींनी १९७३ मध्ये पुन्हा सुरू केला. आजही बरंचसं काम स्वयंसेवकच करतात.

उलट्या दिशेनं का जायचं, ते तू ओळखलंच असशील. ग्रॉसमंट ते गोथलंड १ इन ४९ ची, म्हणजे ४९ मीटरला एक मीटर अशी, चढण आहे, आणि ती व्हिटबीकडून येतानाच लागते. बोरघाटातल्या १ इन ३७ पुढे ती सौम्य आहे, पण तिथे मागून ढकलायला जी जादा इंजिनं (बँकर) लावतात ती विजेवर चालतात. इथे एकटं वाफेचं इंजिन ओढत असतं. इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बस आणि खिडकी उघड. वहिनींना समोरची खिडकी दे. ऑगस्टच्या उत्तरार्धात हेदर फुललेलं असतं, डोंगरच्या डोंगर जांभळे. तू आवाज ऐक, त्या रंग बघतील. फक्त आधी वेळापत्रकात बघून घ्या, काही फेऱ्या डिझेलच्या असतात. आणि पिकरिंगहून यॉर्कला येणारी शेवटची बस कधीची आहे तेही लिहून ठेवा.

चौथ्या दिवसाचं काही ठरवू नका. एखादी जागा अर्धवट राहिलेली असतेच.

आता तारखा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात यॉर्कला एबोरच्या घोड्यांच्या शर्यती असतात, तेव्हा हॉटेलांचे भाव ऐकवत नाहीत. शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे. म्हणून त्या सोमवारनंतरचा मंगळवार ते शुक्रवार धरा. हेदर तोवर टिकतं. ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा, दोघांचे फोटो लागतात, दोघं एकत्र प्रवास करत असाल तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत मात्र ते चालत नाही. अॅडव्हान्स तिकीट स्वस्त पडतं पण त्याच गाडीला बांधलेलं असतं, तेव्हा दहाच्या सुमाराची गाडी बघ. हॉटेल स्टेशनपासून पायी अंतरावरचंच घ्या.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं लीड्सहून येतो, अर्ध्या तासाचाच प्रवास आहे. ही वहिनींसाठी हार्लो कारच्या रोपांची यादी करून बसली आहे. या आठवड्यात तारखा पक्क्या करून कळव, म्हणजे मी जेवणाची जागा ठरवतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
लीड्सकर