चिमे, ती मुलगी फक्त एकालाच दिसते

प्रिय चिमे,

शिव्या नंतर घाल, आधी ऐक. माझा गुडघा ठीक, आईचं बीपी आटोक्यात, सम्या आहे तसाच. झाली खुशाली.

विषय ओमचा आहे. तेरा पूर्ण झाल्यापासून त्याला आणि त्याच्या टोळक्याला ‘लीथल कंपनी’ या हॉरर गेमने झपाटलंय. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेला, झीकर्स नावाने काम करणाऱ्या एकाच माणसाने बनवलेला. चौघांनी मिळून ओसाड चंद्रांवर उतरायचं, पडक्या कारखान्यांत शिरून भंगार गोळा करायचं आणि तीन दिवसांत कंपनीचा कोटा भरायचा. नाही भरला तर कंपनी सगळ्यांना यानातून थेट अंतराळात फेकून देते. सम्या म्हणाला, यात हॉरर कुठाय, हे तर माझं ऑफिस.

हॉरर आत आहे. मी खुर्ची टाकून शेजारीच बसले. एक स्प्रिंगच्या मानेचं ध्यान असतं, त्याच्याकडे बघत राहिलं की ते जागचं हलत नाही, नजर वळली की धावत येतं. आपलं स्टॅच्यूच! मग एकाने टक लावून बघत उलट्या पावली यायचं आणि बाकीच्यांनी माल बाहेर काढायचा. एक जण यानात बसून पडद्यावर लक्ष ठेवतो, बंद दारं उघडून देतो, वॉकीटॉकीवरून ओरडतो. ही पोरं शाळेच्या प्रोजेक्टला अशी एकत्र आलेली मी कधी पाहिली नाहीत.

अंधार पडल्यावर बाहेर आंधळे कुत्रे फिरतात. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि माइकमधून आलेलं खरं बोलणंही ऐकू येतं. पोरं श्वास रोखून यानाकडे सरकतायत आणि आमच्या सासूबाई दारातून, “ओम, दूध निवतंय रे!” ओमला खाल्लं ना कुत्र्याने. त्या बिचाऱ्या अजून विचारतात, माझं काय चुकलं.

मेल्यावर गंमत वेगळीच. जिवंत माणसाला मेलेल्यांचं काही ऐकू येत नाही, पण मेलेले एकमेकांशी बोलतात आणि उरलेल्याची फजिती बघत बसतात. यान निघालं की पुन्हा सगळे जिवंत. रक्त आहे, मान मोडणं आहे, पण चित्रं इतकी धुरकट की ‘आहट’मधला हिरवा उजेड मला जास्त भयानक वाटायचा. तो आपण दहा-अकराच्या वयात बघितला, तुमच्याकडे, पडद्याआडून, अण्णा झोपले की. म्हणून मला वाटत होतं, खेळू दे.

मग परवा ती मुलगी आली.

लाल फ्रॉकची. ती एकाच खेळाडूच्या मागे लागते, आणि त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. ओम म्हणत होता, “ती बघ, दारात उभी आहे.” बाकीचे तिघं, “कुठाय? फेकू नकोस.” हसणं चाललेलं. मग ओम बोलायचाच थांबला. मी बाजूला बसलेली, मला दिसत होती! पण मी काय माइकमध्ये ओरडू? चिमे, मला एकदम तो बोळ आठवला, आणि तू, आणि जोश्यांच्या ओट्यावरची, फक्त तुलाच दिसलेली ती बाई. हसला होता दिप्या. मी नव्हते हसले. हे मी शेवटचं सांगतेय, आता तरी मान्य कर.

रात्री ओमने पॅसेजचा दिवा चालू ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानेच मित्रांना तिचे नियम समजावले, आणि पुढच्या वेळी वेदांत “ती आली” म्हणाल्याबरोबर सगळे निमूट यानाकडे पळाले. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

युरोपात गेमवर पेगी या संस्थेचे ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आकडे असतात, भीतीसाठी कोळ्याचं चिन्हही असतं. (या गेममध्ये कोळ्याची भीती वाटणाऱ्यांसाठी सोय आहे: कोळ्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं चालत येतात. तुझ्यासाठीच केली असणार.) पण माइकच्या पलीकडे कोण बसलंय ते कुठला आकडा सांगणार? एकदा पोरांनी गेममधली खोली सगळ्यांसाठी खुली ठेवली, तर कुणी बाप्या शिरला. आधी शिव्या, मग ओमला, “वय किती, शहर कुठलं?” मी हेडफोनच काढून घेतला. आता खोली फक्त मित्रांपुरती, आणि मला विचारल्याशिवाय मॉड (म्हणजे लोकांनी गेमला केलेली ठिगळं) टाकायचे नाहीत, कारण मॉडमधून काय घरात येईल त्याचा नेम नाही. गेम जिथून घेतो त्या स्टीमवर फॅमिलीची सोय आहे, कुठला गेम, किती वेळ, ते मी ठरवते. ओम मला कंपनी म्हणतो.

हे सगळं तुला का, तर मे महिन्यात तुझा चिनू येणार. नऊ वर्षांचा. ओमने त्याला आधीच व्हॉट्सअॅपवर चढवून ठेवलंय. माझं मत: नाही. स्टीमचं खातंच १३ च्या आतल्यांसाठी नसतं, पण ते राहू दे. मित्र मेले की हा एकटा अंधारात, नुसता स्वतःचा श्वास ऐकत. ओम चिडून हेडफोन आपटतो आणि विसरतो. चिनू तुझ्यावर गेलाय, तो महिनाभर काही बोलणार नाही. मग ‘रेपो’ हा दुसरा गेम चालेल का म्हणून ओम वकिली करतो, त्यात गोंडस रोबो आहेत, मेलेल्याचं मुंडकं उचलून नेलं तर तो परत उठतो. गोंडस खरे, पण राक्षस तिथेही तसेच अंगावर येतात. तेही नको. आता ‘मावशी नाही म्हणाली’ असं तूच त्याला सांग, मी सांगितलं तर तो मला तोंड दाखवणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? आणि वहिनीशी बोलणं सुरू केलंस की नाही अजून? घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर मस्त, तो निळा रंग मात्र कुणी सुचवला, देव जाणे.

तिकीट काढलंस की कळव. चिनूसाठी कॅरम उतरवून ठेवते, स्ट्रायकर हरवलाय, येताना आण.

तुझी,
रेवा