तैनाती फौजेमागचा वेलस्ली

३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहामुळे गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आपल्याला ठाऊक असतो, पण तैनाती फौजेपुरताच. पाठ्यपुस्तकात त्याच्या घरादाराबद्दल चार ओळी तरी हव्यात. हे घराणे आयर्लंडमधल्या इंग्रजी वळणाच्या जमीनदारांचे. वडील गॅरेट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापक. १७८१ मध्ये ते वारले आणि थोरल्या रिचर्डच्या गळ्यात उमरावकी व कर्ज एकदमच पडले. डँगनची वडिलोपार्जित इस्टेटही त्याने पुढे विकली. धाकटा आर्थर व्हायोलिन वाजवायचा. १७९३ मध्ये त्याने ते जाळून टाकले आणि दहा वर्षांनी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला. (व्हायोलिनच वाजवत बसला असता तर!)

रिचर्डने १७९४ मध्ये फ्रेंच हायसिंथ रोलाँशी लग्न केले, तेही पाच मुले झाल्यावर. कायद्याच्या लेखी ती अनौरस, म्हणून १८४२ मध्ये तो वारला आणि त्याचा मार्क्विस हा किताब तिथेच संपला. पण त्या पाचांपैकी अ‍ॅनच्या वंशात पुढे राणी दुसरी एलिझाबेथ जन्मली.

– एक वाचक, वसई