फी माफ असावी, सामना माफ नसावा

कोल्हापूर,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय निखिल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या महाविद्यालयाने बीजीएमआयची, म्हणजे मोबाइलवरच्या पबजीच्या भारतीय आवृत्तीची, आंतरजिल्हा स्पर्धा भरवायचे ठरवले आणि तिची सगळी जबाबदारी तुझ्यावर सोपवली, हे वाचून फार आनंद झाला. चौसष्ट संघ, त्यांतून अंतिम फेरीचे सोळा, सभागृहातला मोठा पडदा, मराठीतून समालोचन, हे सगळे तू मनापासून लिहिले आहेस. शेवटी तू एकच प्रश्न विचारला आहेस: प्रत्येक संघाकडून पाचशे रुपये प्रवेश शुल्क घेऊन जो भरेल त्याला खेळू द्यावे, की नोंदणी मोफत ठेवून पात्रता फेऱ्या घ्याव्यात? पात्रता फेऱ्या घे, एवढे मी फोनवरही सांगू शकलो असतो. पण या प्रश्नाचा मी गेली चार वर्षे विचार करतो आहे आणि माझे मत कशातून तयार झाले हे तुला कळल्याशिवाय त्याचा तुला उपयोग होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२१ च्या गणेशोत्सवातली गोष्ट आहे. तू तेव्हा पुण्यात होतास, त्यामुळे तुला हे सांगायचे राहून गेले. पबजीवर बंदी येऊन वर्ष होऊन गेले होते, २ जुलैला बीजीएमआय आले होते आणि आम्ही चौघे आपापल्या घरून रोज रात्री स्क्रिम्स, म्हणजे सरावाचे सामने, खेळत होतो. एका आयोजकाने टेलिग्रामवर स्पर्धा जाहीर केली: ६४ संघ, प्रत्येकी २०० रुपये शुल्क, बक्षीस ८,००० रुपये. आमच्यातला एक जण गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचा. घरात रेंज येत नसे, म्हणून तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसायचा, आणि पाऊस आला की मानेत छत्री धरून, अंगठे पुसायला मांडीवर टॉवेल ठेवून खेळायचा. त्याच्या वाट्याचे ५० रुपये त्याने आईला विचारून दुधाच्या बिलातून घेतले होते. सामन्यात शिरण्यासाठी लागणारा रूमचा आयडी-पासवर्ड नऊला यायचा, तो नऊ चाळीसला आला. आम्ही आत शिरेपर्यंत आमच्या स्लॉटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवर, दुसऱ्याच संघातले दोघे जण येऊन बसले होते. ग्रुपवर मेसेज टाकले, त्यांना उत्तर आले नाही, आणि पहिला सामना आम्ही चौघांऐवजी दोघांनीच खेळलो. पुढचे दोन सामने चौघांनी मिळून जीव तोडून खेळलो आणि गुणतक्त्यात तिसरे आलो, म्हणजे दोन गुणांनी हुकलो. कारण प्रत्येक लॉबीतून, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या सोळा संघांच्या गटातून, दोनच संघ पुढे जाणार होते.

दोनच का, हे रात्री उशिरा अंतिम फेरीची स्लॉट लिस्ट आली तेव्हा समजले. सोळापैकी आठ जागा आयोजकाने आपल्या ओळखीच्या नावाजलेल्या संघांना आधीच देऊन टाकल्या होत्या. त्यांनी एक रुपयाही भरला नव्हता आणि एकही सामना खेळला नव्हता. आमच्यासारख्या चौसष्ट संघांचे मिळून १२,८०० रुपये जमले होते. त्यातले ८,००० बक्षिसात गेले, आणि पहिले तिन्ही क्रमांक त्या निमंत्रित संघांनी घेतले. पैसे भरून आपण सामना विकत घेतला आहे अशी आमची समजूत होती, आणि प्रत्यक्षात आम्ही दुसऱ्यांच्या बक्षिसाची वर्गणी भरली होती. ते निमंत्रित संघ आमच्यापेक्षा सरस होते हे मी आजही मान्य करतो. आमच्याविरुद्ध खेळून त्यांनी ते सिद्ध केले असते तर माझी काहीच तक्रार नसती.

तरीही शुल्क घेणे म्हणजेच लूट, असे मी म्हणणार नाही, कारण शुल्कावरच उभी राहिलेली एक अतिशय सचोटीची परंपरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. फायटिंग गेम्सची, म्हणजे पडद्यावर समोरासमोर मारामारी करायच्या खेळांची, एव्हो ही स्पर्धा १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथे ‘बॅटल बाय द बे’ या नावाने सुरू झाली आणि आज ती लास व्हेगासला भरते. तिथे पात्रता फेरी नाही. प्रवेशाचे पैसे भरायचे, खेळाचे वेगळे थोडे शुल्क भरायचे, आणि गटात जाऊन बसायचे. २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ या एका खेळात ७,०६१ जणांनी नाव दिले होते. गेल्या वर्षीचा विजेताही याच गर्दीत पहिल्या गटापासून खेळतो, आणि दोनदा हरलेला माणूस बाहेर पडतो, मग तो कोणीही असो. नवख्याला त्याच्या पैशांच्या बदल्यात निदान दोन खरे सामने मिळतात आणि समोर कोण येईल याला मर्यादा नसते. अशा ठिकाणी शुल्क भरणारा खेळाडू फसवला जात नाही, कारण त्याने जे विकत घेतले ते त्याला मिळते.

लाहोरचा अर्सलान अ‍ॅश याच दारातून जगापुढे आला. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या फुकुओका इथे एव्हो जपान होती. व्हिसाच्या अडचणींमुळे तो वळणावळणाचा प्रवास करत कसाबसा तिथे पोहोचला आणि टेकन ७ या फायटिंग गेमचे विजेतेपद घेऊन गेला. त्याच वर्षी त्याने लास व्हेगासही जिंकले. आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी बरेच आहेत, असे त्याने सांगितले, तेव्हा कोरियाचा नी हा नामवंत खेळाडू स्वतः लाहोरला जाऊन त्या मुलांशी खेळला. मला ही हकीकत फार आवडते, पण ती तुझ्या पाचशे रुपयांच्या बाजूने वापरू नकोस. खुल्या स्पर्धेचे शुल्क थोडेच असते. खरी किंमत विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांची असते, आणि ती ज्याला परवडत नाही तो कितीही चांगला असला तरी त्या दारापर्यंत पोहोचत नाही. ऑनलाइन पात्रता फेरीचे मोल इथेच आहे, कारण ती दार उचलून खेळाडूच्या गच्चीवर नेऊन ठेवते.

आपण शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीत सांगलीला बुद्धिबळाच्या स्पर्धांना जायचो, ते आठवते का? ग्रँडमास्टर आणि इंटरनॅशनल मास्टर यांना शुल्क माफ असायचे आणि आपापले वडील मात्र आपले शुल्क भरायचे. तेव्हा मला त्याचे वाईट वाटत नसे, आणि का वाटत नसे हे मला २०२१ च्या त्या रात्रीनंतर उमगले. स्विस पद्धतीत, म्हणजे जिथे हरलेलाही बाहेर न पडता सगळ्या फेऱ्या खेळतो, तो मोठा खेळाडू पहिल्या फेरीपासून पहिल्या पटावर बसायचा आणि तिथे त्याच्यासमोर आपल्यातलाच कोणीतरी असायचा. त्याला शुल्क माफ होते, सामना माफ नव्हता. तुझ्या नियमावलीत दुसरे काही आले नाही तरी चालेल, पण हे एक आलेच पाहिजे. नाशिकचा एखादा नामांकित संघ यावा म्हणून त्याचा प्रवासखर्च तू दे, त्याच्या राहण्याची सोय कर. मात्र त्याला पहिल्या लॉबीपासून खेळव.

पात्रता फेरी खरोखर काय करू शकते, हे डोटा २ या संगणकावर पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या खेळाच्या २०१८ च्या ‘द इंटरनॅशनल’ या सर्वांत मोठ्या स्पर्धेने दाखवले. ओजी हा संघ त्या मे महिन्यात मोडला होता. दोन खेळाडू सोडून गेले, प्रशिक्षकच खेळायला उतरला, एक जुना खेळाडू परत आला, आणि टॉपसन हा मोठ्या मंचावर कधीच न खेळलेला फिनलंडचा मुलगा घेतला गेला. खेळाडू बदलल्यामुळे थेट निमंत्रणाचा मार्ग बंद झाला, आणि ज्या फेरीत कोणीही पाच मित्र नाव देऊ शकतात त्या खुल्या पात्रता फेरीपासून त्यांना सुरुवात करावी लागली. तिथून युरोपची फेरी, मग व्हँकुव्हरची मुख्य स्पर्धा, आणि २५ ऑगस्टला पीएसजी.एलजीडीविरुद्धचा अंतिम सामना ३-२ असा जिंकून सुमारे १ कोटी १२ लाख डॉलरचे बक्षीस. त्या पाच जणांकडून खेळण्यासाठी कोणी पैसे घेतले नव्हते. बक्षिसाची रक्कम हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या १६ लाख डॉलरपासून सुरू झाली होती. चाहते बॅटल पास, म्हणजे खेळातल्या जास्तीच्या सजावटीचा पास, विकत घेत आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात मिळवला जाई, अशा रीतीने ती अडीच कोटींच्या वर गेली. प्रेक्षकांच्या पैशाला भरती-ओहोटी असते हेही खरे आहे. हीच रक्कम २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरपर्यंत चढली आणि २०२३ मध्ये जेमतेम ३१ लाखांवर उतरली. तरीही पैसा बघणाऱ्याने द्यावा आणि खेळणाऱ्याने खेळ द्यावा, ही वाटणी मला योग्य वाटते.

पैसे भरून जागा घेण्याचा प्रकार फक्त आपल्या दोनशे-पाचशेच्या पातळीवर आहे असे समजू नकोस. ओव्हरवॉच या खेळाच्या लीगमध्ये सुरुवातीच्या संघांनी एकेका जागेसाठी दोन कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. खालून कोणी वर येण्याची सोय तिथे नव्हती, आणि २०२३ नंतर ती लीग संपली. उलट काउंटर-स्ट्राइक या आपल्या दुसऱ्या खेळाच्या बाबतीत व्हॉल्व्हने २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की २०२५ पासून आयोजकांना संघांशी खास भागीदारी ठेवता येणार नाही, आणि संघ बोलवायचे तर क्रमवारीवरून किंवा खुल्या पात्रता फेरीतून बोलवावे लागतील. आपल्याकडे बीजीएमआयच्या अधिकृत मालिकेनेही २०२१ मध्ये, एक कोटी रुपयांचे बक्षीस असताना, नोंदणी मोफत ठेवली होती आणि पहिली चाळणी खेळाच्या आतच लावली होती. मोठ्यांना जे जमले ते तुला चौसष्ट संघांत नक्की जमेल.

आता कायद्याचे. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मान्यता मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा नवा अधिनियम तू आणि तुमच्या प्राचार्यांनी एकत्र बसून वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पैसे भरून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, ‘मनी गेम’ ठरतो आणि तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्टला त्यातून वगळले आहे, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणीची अट आहे. आणि जे शुल्क चालते ते केवळ स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी घेतलेले. ग्रुपवर वीस-वीस रुपये गोळा करून दर फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे, पैसे देणाऱ्या रूम आणि खरी स्पर्धा यांत कायद्याने ओढलेली रेघ मला माझ्या अनुभवाशी जुळणारी वाटते. तू शुल्कच घेतले नाहीस तर या रेघेजवळ जाण्याचा प्रसंगच तुझ्यावर येणार नाही.

शुल्क नसले की लोक नावे देतात आणि येत नाहीत, ही तुझी भीती रास्त आहे. त्यावर उपाय असा की सामन्याच्या अर्धा तास आधी प्रत्येक संघनायकाने हजेरी लावायची, आणि प्रत्येक लॉबीमागे चार राखीव संघ ठेवायचे. हजेरी लागली नाही की जागा राखीव संघाची. ओळखपत्र आणि खेळातला यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, नोंदणीच्या वेळीच जुळवून घे, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावरून खेळणारे तिथेच अडतील.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, पात्रता फेरी एका सामन्याची ठेवू नकोस. झोन, म्हणजे सामन्यात आकसत जाणारा सुरक्षित भाग, कुठे पडेल हे कोणाच्या हातात नसते, आणि एका सामन्यावर निकाल लावला तर ती सोडत होते. चौसष्ट संघांच्या चार लॉबी कर. प्रत्येक लॉबीला दोन संध्याकाळी तीन-तीन असे सहा सामने दे. प्रत्येकीतले पहिले तीन मिळून बारा संघ थेट अंतिम फेरीत जातील, आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे सोळा संघ आणखी एक लॉबी खेळतील. तिच्यातून उरलेले चार घे. दोन लॉबी एकाच वेळी चालवल्यास सहा संध्याकाळींत सगळे संपते. रूम सांभाळायला दोन विश्वासू मुले लागतील, आणि परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहून घे, कारण मोफत पात्रता फेरीतही खेळाडू आपला वेळ आणि डेटा खर्च करतोच. सभागृहात तीस रुपयांचे तिकीट ठेव, शहरातल्या मोबाइल दुकानदारांना भेट, आणि जमेल त्या पैशातून आधी सोळा संघांचे एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण काढ. बक्षीस त्यानंतर. ते थोडे कमी झाले तरी कोणी नाव काढून घेणार नाही.

गुणतक्त्याची माझी जुनी फाइल सोबत पाठवत आहे. तीत क्रमांकाचे गुण तुमच्या नियमांप्रमाणे बदलून घे. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मी येतो. गच्चीवर बसून खेळणारा आमचा तो मित्र आता इचलकरंजीत नोकरी करतो, तोही येणार आहे. तुझ्या स्पर्धेबद्दल मी सगळे सांगितले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की आयडी-पासवर्ड वेळेवर जाणार ना. तुझ्या वतीने मी हो म्हणून ठेवले आहे.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
संदीप