सरड्याच्या आधी रातकिड्याला जेवू घाला

मा. संपादक,

बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको असे परदेशी सरडे हौसेने पाळणारी मंडळी त्यांच्यासाठी विकत आणलेले रातकिडे मात्र बहुधा डब्यात उपाशीच ठेवतात. रातकिड्याच्या अंगात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो आणि सरड्याला हवे असते ते नेमके उलट प्रमाण; ही तूट भरली नाही, तर त्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून किडे देण्यापूर्वी निदान २४ तास त्यांना गाजर आणि कॅल्शियम मिसळलेले भरडलेले धान्य खाऊ घालावे, शिवाय देताना अंगावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. पालक नको; त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला अडकवून ठेवते. पाण्याची उघडी वाटीही नको, कारण रातकिडे तीत बुडून मरतात (आणि मेलेल्या रातकिड्यांची दुर्गंधी शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते). ओलाव्यासाठी गाजराची चकती पुरते. उरलेले किडे रात्री पेटीत सोडू नयेत, ते झोपलेल्या सरड्याला कुरतडतात. पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारे काजवे तर चुकूनही देऊ नयेत, काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. विक्रेत्यांनी एवढ्या सूचना मराठीत छापून डब्यावर चिकटवाव्यात, ही विनंती.

– एक सरडेपालक, पुणे