आवाहन : टोळ्या उसाला निघायच्या आत एक मायक्रोस्कोप हवा आहे

सप्रेम नमस्कार,

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाला निघतील, त्या थेट पाडव्याच्या आगेमागे परततील. त्या निघायच्या आत आमच्या मंडळाला एक मायक्रोस्कोप, तपासणीचं एक टेबल आणि खोलीला धड पडदे हवे आहेत. सध्या दोरीवर एक जुनी चादर टाकून भागवतो. पंखा लावला की ती उडते, म्हणून तपासणी चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो.

आमचं मंडळ एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचं आहे. काहीजणी विधवा, बऱ्याचजणी नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या. एचआयव्हीच्या औषधांसाठी आम्ही कुणापुढे हात पसरत नाही. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांवर २००४ पासून ती मोफत मिळतात. ती नेमानं घेतली तर रक्तातला विषाणू इतका खाली जातो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्यामुळे महिन्याच्या बैठकीत गोळ्यांचा विषय दहा मिनिटांत आटोपतो. मग कुणीतरी पदर तोंडाशी धरून हळूच म्हणते, "ताई, अंगावरून जातंय." एकीनं म्हटलं की चौघी बोलायला लागतात.

आमच्याकडे याला कुणी पांढरं जाणं म्हणतं, कुणी धुपणी. महिन्यातले काही दिवस थोडं पाणी जाणं हे निसर्गाचंच आहे, त्याला औषध लागत नाही. पण पातळ, राखाडी स्राव आणि सुकटीसारखा वास असेल तर गोष्ट वेगळी. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. दह्याच्या विरजणात असतात त्यांच्याच गोतातले. तिथल्या पेशींतल्या साखरेपासून ते आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात बाकीचे जंतू फारसे टिकत नाहीत. हे राखणदार कमी झाले की गार्डनेरेलासारख्या दुसऱ्याच जिवाणूंची गर्दी होते. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. (दही लावलं तर चालेल का, असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच. नाही. गोत एक असलं तरी ते जिवाणू वेगळे.) साबणानं, तुरटीच्या पाण्यानं, जंतुनाशकानं आतून धुण्यानं तर उलटंच होतं. उरलेसुरले राखणदारही वाहून जातात. आमच्यातल्या एकीनं वर्षभर हेच केलं, दिवसातून दोनदा. स्वच्छतेत ती कमी पडत होती असं कुणीच म्हणू शकणार नाही.

एचआयव्ही असलेल्या बाईत, त्यातून प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर, हा बिघाड जास्त आढळतो आणि हटता हटत नाही. गरोदरपणात त्यामुळे दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोका वाढतो. संसर्ग वर गर्भाशयापर्यंत, नळ्यांपर्यंत गेला तर पुढे मूल राहणं अवघड होऊ शकतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणूही अशा ठिकाणी जास्त रेंगाळतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना इतरांसाठी तिशीपासून आणि या बायकांसाठी पंचविशीपासूनच तपासणी सुचवते.

आणि आपल्याकडे होतं काय? "तुमच्या त्या आजारामुळंच आहे, असंच राहणार," असं एकीला सांगितलं गेलं. दुसरीला तिसाव्या वर्षी, "पिशवी खराब झाली, काढून टाका." पिशवी म्हणजे गर्भाशय. बीडकरांना हे नवीन नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. जो बिघाड बहुतेकदा आठवडाभराच्या मेट्रोनिडॅझोल या औषधानं आटोक्यात येतो, त्यासाठी कुणाचं गर्भाशय जाऊ नये.

सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) अशा तक्रारीवर औषधांचं हिरवं पाकीट मिळतं, तेही मोफत, आणि ते चांगलं आहे. पण ते लक्षणं ऐकून दिलेलं असतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या साधारण निम्म्या बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. ज्यांना जाणवतो त्यांच्यातही अनेकींचा आजार बरा होऊन काही महिन्यांत उलटतो. तेव्हा तो तोच आहे की बुरशी आहे की आणखी काही, हे पाहायला मायक्रोस्कोप लागतो.

पाहणं अवघड नाही. स्राव आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्टीवर टेकवायचा. पट्टीच्या रंगावरून पीएच साडेचारच्या वर दिसला की आंबटपणा गेला. काचेवरच्या स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक थेंब टाकला की माशाचा वास उठतो. मायक्रोस्कोपखाली निरोगी पेशी स्वच्छ कडेची दिसते. बिघडलेली मात्र संक्रांतीच्या तीळ लावलेल्या भाकरीसारखी, कड दिसू नये इतके जिवाणू चिकटलेले. आमच्या एका सभासद ताईंना आम्ही उसन्या मायक्रोस्कोपवर हे दाखवलं. बराच वेळ डोळा लावून त्या म्हणाल्या, "म्हंजे माझी पिशवी चांगली हाय."

तर मागणं असं. मायक्रोस्कोप नवा नको, कॉलेजनं किंवा लॅबनं काढून ठेवलेला चालू स्थितीतला चालेल. पट्ट्या, काचा, हातमोजे, रंगद्रव्यं यांना पैसे लागतील. महिन्यातून एक दिवस देणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक लॅब टेक्निशियन हवी. तपासणीला येणारीला येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यायची आहे, कारण फडावर एक खाडा पडला की मुकादम उचलीतून (आगाऊ दिलेल्या मजुरीतून) कापतो, आणि गावातही रोजगार बुडवून दवाखान्यात यायला बाई धजत नाही. गणेश मंडळांना विशेष विनंती आहे, एका संध्याकाळच्या डेकोरेशनचा खर्च इकडे वळवा. उरलेल्या गोळ्या, मुदत संपलेली औषधं मात्र कृपया आणू नका. मागच्या वर्षी दोन पोती आली, ती नष्ट करण्यातच आमचा वेळ गेला.

दोन गोष्टी आधीच सांगतो. खोलीवर पाटी फक्त 'महिला आरोग्य तपासणी' अशीच राहील, आणि देणगीदारांना बायकांचे फोटो किंवा नावं मिळणार नाहीत. २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीची माहिती त्या बाईच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी आम्ही दिली नसती. दुसरं, देणगीवरची आयकरातली ८०-जीची सवलत आमच्याकडे नाही. साधी छापील पावती मिळेल, आणि पै-पैचा हिशोब दिवाळीआधी खोलीच्या भिंतीवर लावू.

मदत चेकनं मंडळाच्या नावे द्या किंवा गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, खोलीवर आणून द्या. सकाळी दहाच्या आत आलात तर बरं, नंतर बायका यायला लागतात आणि बाहेर कुणी पुरुष बसलेला दिसला की त्या परत फिरतात.

आपल्या,
मंडळाच्या सर्व सभासद