बाथरूमच्या नहाणी ट्रॅपबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांस नमस्कार,

गेल्या आठवड्यात बी विंगचा तुंबलेला पाइप साफ केला. आतून केसांचा आणि साबणाच्या चिकट साक्याचा बादलीभर गोळा निघाला. आपल्या बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा साका लवकर धरतो आणि केस त्यातच अडकतात. म्हणून आठवड्यातून एकदा मोरीची जाळी उचलून केस हाताने काढावेत. खालची वाटी ब्रशने घासून आठवणीने परत बसवावी. पुष्कळ घरांत ही वाटी काढूनच टाकलेली दिसली. ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या भांड्यात, साठणारे सुमारे ५० मिलिमीटर पाणी या वाटीसोबतच गटाराचा वास आणि झुरळे अडवते, म्हणून वाटी हवीच.

कृपया ॲसिड ओतू नका. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट ते खाते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकते. उकळते पाणीही नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो.

बाथरूमचे काम काढले असेल तर गवंड्याला आधी पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घालायला सांगा. सिमेंट आत जाऊन घट्ट बसले की फोडाफोडी अटळ. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी साठवून ठेवा, खालच्यांकडे जाऊन छत पाहा, मगच टाइल्स लावा.

न वापरलेल्या बाथरूममध्ये आठवड्याला दोन तांबे पाणी ओता. ट्रॅप सुकला की वास येतो.

– सचिव